कानाच्या परीक्षेत कॉपी

आवडता अल्बम कोणता, असं कोणी विचारलं की माझा गोंधळ होतो. नावं आठवत नाहीत असं नाही, पण नावाच्या आधी विषय आठवतो. ज्या अल्बमच्या कव्हरवर नुसता मळकट पिवळा रंग होता, तो माझ्यासाठी भारतीय राज्यव्यवस्था. त्याची पहिली बाजू मूलभूत हक्कांपासून सुरू होते आणि दुसरी वित्त आयोगावर संपते. घोगऱ्या गळ्याच्या गायकाचा जो बँड होता, त्याचे दोन्ही अल्बम म्हणजे प्राकृतिक भूगोल. एका बँडचं एक गाणं इतकं लांबलचक होतं की ते संपेपर्यंत तिन्ही गोलमेज परिषदा उरकायच्या. आजही ते कुठे वाजलं की ड्रम्सपाठोपाठ मला परिषदेला कोण गेलं आणि कोण गेलं नाही ते आठवायला लागतं.

रॉक ऐकणाऱ्या लोकांत मी हे बोललो की ते माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांना बंडखोरी वगैरे अपेक्षित असते. माझं रॉक अभ्यासक्रमात बसून ऐकलेलं आहे, त्याला मी काय करू? म्हणून इथेही बँडची नावं लिहीत नाही. लिहिली तर त्यांचे खरे चाहते भांडायला येतील आणि माझ्याकडे उत्तर नसेल.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून मी दिल्लीला आलो तो कलेक्टर व्हायला. करोल बागेच्या मागे तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आणि खोलीत परभणीचा एक पार्टनर मिळाला. तोही कलेक्टरच व्हायला आला होता. त्याचे मामू आखातात नोकरीला होते. भाच्याचं इंग्रजी सुधारावं म्हणून त्यांनी एक वॉकमन आणि डझनभर कॅसेट पाठवल्या. दुकानातून काय उचललं ते मामूंनाही ठाऊक नसावं. पहिली कॅसेट लावली तेव्हा पार्टनर दचकून म्हणाला, "मशीन बिघडलंय यार." मग ऐकत राहिला. मग मला हाक मारली.

इंग्रजी काही सुधारलं नाही. पण शेजारच्या खोलीतले दोघे सकाळपासून मोठ्याने घोकायचे, आणि त्यांना बुडवायला या कॅसेटइतकं गुणकारी दुसरं काही नव्हतं. अडचण एवढीच की हेडफोन एक आणि डोकी दोन. डोक्यावरून जाणारी पत्र्याची पट्टी आम्ही वाकवून सरळ केली आणि खांद्याला खांदा लावून बसलो. उजवी गादी माझ्या उजव्या कानाला, डावी त्याच्या डाव्या. दोघांचाही एकेक कान उघडा राहिल्यामुळे शेजारचं घोकणं येतच राहायचं, म्हणून आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवायचं आणि एकेका विषयाला एकेक कॅसेट लावून वाचायचं. अशी चार वर्षं काढली.

यातली गंमत फार उशिरा कळली. नोकरी लागल्यावर मी स्वतःचा हेडफोन घेतला, आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही कानांना लावला, आणि राज्यव्यवस्थेत दुसऱ्याच गाण्याला एक अनोळखी गिटारवाला घुसला. हा कोण? मी कॅसेट काढून बघितली. तीच होती, पार्टनर परभणीला परत जाताना ठेवून गेला होता ती. परभणीला फोन लावला.

"तो होय? तो तर पहिल्यापासून आहे," पार्टनर म्हणाला. "तुझ्याकडे कोण होतं?"

माझ्याकडचा गिटारवाला मी त्याला तोंडाने वाजवून दाखवला. तो त्याने कधीच ऐकला नव्हता; तो फक्त उजव्या गादीत वाजायचा. चार वर्षं आम्ही एकाच अल्बमच्या नावाखाली दोन वेगळे अल्बम ऐकत होतो, वर त्यावर तासन्‌तास चर्चाही करत होतो. कशावर चर्चा करत होतो ते मला अजून कळलेलं नाही. राज्यव्यवस्था मला आजही अर्धीच बरी वाटते, उजवी अर्धी.

त्याच पिवळ्या अल्बमच्या चौथ्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि गिटार एकटी वर चढत जाते. ती कॅसेट एकदा वॉकमनमध्ये अडकली होती. पेन्सिल फिरवून आम्ही टेप गुंडाळून घेतली, पण त्या जागी ती ताणली गेली, आणि तेव्हापासून चढत्या सुरात मधेच एक घसरण आली. अर्धा क्षण सूर खाली यायचा आणि सावरून पुन्हा वर जायचा. आम्हाला तीच जागा सर्वांत जास्त आवडायची.

पहिली कॉन्सर्टही पार्टनरबरोबरच. दिल्लीतल्या एका कॉलेजच्या फेस्टिव्हलला फेब्रुवारीच्या भर दुपारी आम्ही हजेरी लावली. मैदान खचाखच भरलेलं, आणि स्टेजला लागून दोन मोठाल्या स्पीकरच्या पुढ्यात मात्र जागा मोकळी. दिल्लीकर किती बावळट, म्हणत आम्ही त्या मोक्याच्या जागेवर जाऊन उभे राहिलो. तीन तास. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही कानात शिट्टी वाजत होती. मेसमध्ये आम्ही ती शिट्टी मिरवली, ज्याची शिट्टी जास्त दिवस टिकेल तो जिंकला असं ठरवलं. मी जिंकलो.

कलेक्टर दोघांपैकी कोणीच झालं नाही. सगळे प्रयत्न संपल्यावर पार्टनर परभणीला परत गेला आणि त्याने स्पर्धा परीक्षांचे क्लास काढले. मी दुसऱ्या एका परीक्षेतून मंत्रालयात चिकटलो, आणि आता लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बायको आणि एका मुलीसह राहतो. बायको दुसऱ्या एका मंत्रालयात आहे. मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. ती दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी हिंदी असते. आणि ती बोलते खूप. बारीक आवाजात, भरभर, एका वाक्याला दुसरं वाक्य जोडत. सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर घ्यायला गेलो तर जाताना सुरू झालेली गोष्ट येताना घराच्या दाराशी संपते. माझ्या अल्बमांचे विषय घरात फक्त तिलाच पाठ आहेत. "बाबा, आज भूगोल लावा ना," असं ती म्हणते तेव्हा बायको कपाळाला हात लावते.

गेल्या दोनेक वर्षांत काहीतरी बिनसलं. रविवारी कुकरच्या शिट्ट्या मोजणं हे माझं काम. बायको आतून विचारायची, किती झाल्या? मी पेपरातून मान वर न करता सांगायचो, तीन. डाळ एकदा कच्ची राहिली, एकदा तळाला करपली. मग तिच्या लक्षात आलं की मी नेहमीच तीन सांगतो. टीव्हीवरून रोज कुरबुर. घरचे बोलतात त्यातलं निम्मं माझ्यापर्यंत पोचायचं, उरलेलं मी अंदाजाने भरून काढायचो. समोरच्याने बोलणं थांबवून माझ्याकडे बघितलं की उत्तर द्यायची वेळ झाली असं समजायचं, आणि अच्छा, हो हो, बिल्कुल, यातलं एक काहीतरी द्यायचं. मंत्रालयात ही उत्तरं व्यवस्थित चालतात. घरीही चालत होती असं मला वाटायचं.

शेवटी बायकोने हात टेकले आणि नोएडातल्या एका सेक्टरमध्ये कान तपासायची वेळ घेतली. "एकटा जातो," मी म्हणालो. गेलो.

तिथे एका तरुण बाईंनी मला काचेच्या खिडकीच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, "सर, टेस्ट शुरू कर रहे हैं. बीप सुनाई दे तो बटन दबाइए."

टेस्ट हा शब्द उच्चारायला नको होता. मी काय माणूस आहे ते त्यांना कसं ठाऊक असणार? ज्याने उमेदीची सात वर्षं परीक्षा देण्यात घालवली, आणि ज्या परीक्षेसाठी आला होता तीच नेमकी हुकली, त्याला टेस्ट म्हटलं की तो एकच गोष्ट करतो. पास व्हायला बघतो. मी ताठ बसलो. निगेटिव्ह मार्किंग आहे का, हेसुद्धा तोंडावर आलं होतं, आवरलं. पहिले काही आवाज आले, मी दाबले. मग शांतता पसरली. हा प्रश्न आपल्याला येत नाही, हे कळतानाची ती जुनीच शांतता.

समोरच्या भिंतीवर कानाच्या आतल्या रचनेचं एक चित्र होतं, काचेच्या फ्रेममध्ये. त्या काचेत माझ्या मागच्या खिडकीतल्या बाई दिसत होत्या. आवाज सोडताना त्यांचं उजवं कोपर किंचित हलायचं. झालं. पुढची वीस मिनिटं मी कोपरावर नजर ठेवून बटण दाबलं. सगळेच बरोबर आले तर संशय येतो, म्हणून अधूनमधून एखादा सोडलाही.

"सर, आपके कान तो बच्चों जैसे हैं," बाई म्हणाल्या. त्या चकित झाल्या होत्या, आणि मी इतका खूश झालो की परतीच्या वाटेवर बर्फी घेतली. रिपोर्ट फ्रिजच्या दारावर लावला. आपण काय केलं याचा विचारही मनात आला नाही. पहिल्या प्रयत्नात पास होण्याची माझी ती पहिलीच वेळ.

बायकोने रिपोर्ट दोनदा वाचला. बर्फी खाल्ली नाही. "म्हणजे तुम्हाला ऐकू येतं," ती सावकाश म्हणाली. "सगळं ऐकू येतं."

"बिल्कुल."

"मग इतके दिवस आम्ही बोलतो तेव्हा तुम्ही लक्षच देत नव्हतात."

मी बर्फीचा डबा पुढे केला. मुलगी बाजूला उभी होती. तिने रिपोर्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. माझा जरा गोंधळ झाला. परीक्षेत चांगले मार्क मिळाल्यावर घरच्यांची तोंडं का उतरावीत?

त्याच हिवाळ्यात पिवळ्या अल्बमवाला बँड गुरुग्रामला येणार होता. राज्यव्यवस्था, साक्षात. मुलीने सकाळपासून मोबाइल धरून तिकिटं मिळवली होती, ती रिपोर्टच्या आधीच. रिपोर्टनंतर ती येईल की नाही अशी मला धाकधूक होती. पण आली. माझ्यासाठी लोकरी टोपीही आणली.

चार वाजता मैदानात शिरलो. पन्नाशीचे लोक टीशर्टात पोटं आवळून आले होते. त्यांना बघून हसू आलं, मग आठवलं की आपणही त्यातलेच. अंधार पडायच्या सुमाराला ते चौघे स्टेजवर आले. म्हातारे झाले होते. एक खुर्चीवरच बसला. ड्रम्स सुरू झाले आणि छाती आतून हलली, डोळे भरले. करोल बागेतली खोली, मामूंचा वॉकमन, सगळं एकदम आलं. मला फार फार आनंद झाला होता, आणि तो तसाच संध्याकाळभर टिकला असता तर बरं झालं असतं.

मग चौथं गाणं आलं. वाद्यं थांबली. मोठ्या पडद्यावर गिटारवाल्याची बोटं दिसत होती, वर वर सरकणारी. मी तो चढता सूर ऐकत होतो, एकेक पायरी ओळखीची. आणि अर्ध्यावर तो खाली घसरला. अर्धा क्षण, आणि सावरून पुन्हा वर गेला.

आजूबाजूला लोक हात वर करून डोलत होते. मी जागच्या जागी थिजलो. ती घसरण त्या माणसाने कधी वाजवलेलीच नव्हती. ती आमच्या कॅसेटची होती, पेन्सिलीने गुंडाळलेल्या टेपची. मग इथे हे कोण वाजवत होतं? मी दोन्ही कानांवर हात दाबले. ड्रम्स मंद झाले, पण गिटार तशीच चालू राहिली, तेवढीच स्वच्छ. हात काढले. तेवढीच.

मुलीने माझी बाही ओढली. तिने माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. मी मान हलवली. पुढची सगळी गाणी मी ऐकली की आठवली, हे मला सांगता येणार नाही. प्रत्येक सुराला मी मनात विचारत होतो, तू बाहेरचा की आतला? उत्तर येत नव्हतं. आतापर्यंत मी काय काय ऐकलंय आणि काय काय स्वतःच वाजवून घेतलंय, या विचाराने मला घाम फुटला. डिसेंबरात.

परत मेट्रोने निघालो. पिवळ्या लाइनने सरळ आयएनए, गाडी बदलायची गरज नाही. मुलगी माझ्या उजव्या हाताला बसली होती. कुतुबमिनार स्टेशन सोडल्यावर गाडी जमिनीखाली शिरली आणि खडखडाट वाढला. त्याच वेळी मुलगी बोलायला लागली. नेहमीसारखी भरभर नाही, थांबत थांबत, स्वतःच्या बुटांकडे बघत. मी त्या घसरणीतच अडकलो होतो. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग ते थांबले, तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली.

उत्तराची वेळ झाली होती. मी छान हसलो. "बिल्कुल, बिल्कुल," म्हणालो आणि मानही डोलवली.

तिने मान वळवली. मग पिशवीतून इअरफोन काढून कानात घातले आणि आयएनए येईपर्यंत समोरच्या काचेत बघत बसली.

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. म्हणजे अबोला नव्हता. विचारलं की उत्तर द्यायची, जेवायला यायची, कॉलेजला जाताना "येते" म्हणायची. पण आपणहून एक शब्द नाही. खरं सांगतो, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. समजल्याचं सोंग आणायचे कष्ट वाचले. तिसऱ्या दिवशी मात्र घर खायला उठलं. चौथ्या दिवशी मी विचारलं, "भूगोल लावू का?" ती म्हणाली, "लावा ना, तुमची मर्जी," आणि आपल्या खोलीत गेली.

मी काय कबूल केलं होतं? कशाला बिल्कुल म्हणालो होतो? मी जुन्या पद्धतीने पर्याय बाद करत बसलो. कॉलेज सोडू का, असं विचारलं असेल तर ती अजून कॉलेजला जातेच आहे. एखादा मुलगा आवडत असेल आणि मी बिल्कुल म्हटलं असेल, तर तिने खूश व्हायला हवं. पुण्याला आत्याकडे जाऊन राहू का? मग बॅग कुठे भरतेय? दर वेळी चारही पर्याय बाद व्हायचे आणि हातात काही उरायचं नाही. सरळ विचारावं, तर कोणत्या तोंडाने? माझे कान लहान मुलांसारखे असल्याचा कागद फ्रिजवर लावलेला होता.

"तिला काय बोललात?" एका संध्याकाळी बायकोने विचारलं. "तिने काहीतरी विचारलं आणि तुम्ही काहीतरी उत्तर दिलंत. काय ते सांगत नाही. नुसती रडली माझ्यापाशी."

"रडली?"

"मला काय विचारता? तुमच्याशी बोलली होती ती. ऐकलं असेलच ना तुम्ही."

पोरगी रडली, आणि का रडली ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी परभणीला फोन लावला. डाव्या कानाला. आडवळणाने विचारलं, "तुला अजून नीट ऐकू येतं का रे?"

"डाव्या कानात मशीन आहे," पार्टनर म्हणाला. "तीन वर्षं झाली. पोरांना वाटतं सर ब्लूटूथ लावतात."

"मला कधी बोलला नाहीस?"

"तू कुठे विचारलंस? तुझं काय? तपासलंस का?"

"तपासलं. नॉर्मल आहे."

"शक्यच नाही. तू तर शिट्टीत जिंकला होतास."

मग मी त्याला काचेचं, कोपराचं, सगळं सांगितलं. तो खो खो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "यार, आपण इतक्या परीक्षा दिल्या. नापास झालो, पण शेजारच्याच्या पेपरात कधी बघितलं नाही."

मला लाज वाटली. इतकी लाज मला शेवटच्या निकालाच्या दिवशीही वाटली नव्हती.

रविवारी पोह्यांच्या बशा समोर असताना मी दोघींना सांगितलं, "मी कॉपी केली."

"कशात?" बायकोने विचारलं.

"कानाच्या परीक्षेत."

बायकोला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसायला लागली, हसता हसता चिडली, उठून फ्रिजवरचा रिपोर्ट काढला आणि चुरगळून टाकला. "नोकरी मिळणार होती का तिथे पास होऊन?" ती म्हणाली. मुलगी हसली नाही. चमचा बशीत ठेवून माझ्याकडे टक लावून बघत होती. "पुन्हा जाताना मी येते," एवढंच म्हणाली.

या वेळी मी बाईंना विनंती करून भिंतीवरचं ते काचेचं चित्र उतरवून घेतलं आणि डोळे मिटले. खिडकीच्या पलीकडे बाईंच्या शेजारी मुलगी बसली होती. सुरुवात बरी झाली. बारीक आवाज आला, दाबलं. आणखी बारीक, दाबलं. हेडफोनमधून बाईंचा आवाज आला, "सर, अभी मैंने कुछ बजाया नहीं है." मी सॉरी म्हटलं. पुन्हा एक अगदी दूरचा सूर आला, नक्की आला, मी दाबलं. "सर, अभी भी नहीं." तिसऱ्यांदा असं झाल्यावर माझा स्वतःवरचा विश्वासच उडाला. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी बटण धरून बसून राहिलो. बाई चहा प्यायला गेल्या असाव्यात असं वाटलं.

चहाला वगैरे कोणी गेलं नव्हतं. त्या सगळ्या वेळात त्या एकामागून एक आवाज देत होत्या. मुलीने ते बाहेर बसून बघितलं होतं, मशीनवर दिवा लागताना आणि माझा हात न हलताना.

नंतर बाईंनी आलेख समोर ठेवला. डावी रेघ थोडी चालून उतरत होती, उजवी जवळजवळ कोसळत होती. कारखान्यात होतात का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मंत्रालयात. मग हेडफोनचं आणि स्पीकरपुढच्या मोक्याच्या जागेचं सांगितलं. त्या म्हणाल्या की गेलं ते परत येत नाही, मशीनने मदत होईल, दोन्ही कानांना लावावं लागेल. बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, मुलांचे.

"मेट्रो में?" मुलीने विचारलं. "राइट साइड से कोई बोले तो?"

"शोर में? राइट से तो लगभग कुछ नहीं," बाई म्हणाल्या.

मुलगी आलेखाकडे बघत राहिली. मग तिने तो घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला.

बाहेर येऊन आम्ही कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. मशीनच्या मापासाठी पुन्हा आत बोलावणार होते. ती आधी माझ्या उजवीकडे बसली, मग उठून डावीकडे आली. मी विचारलं, "त्या दिवशी मेट्रोत तू काय म्हणाली होतीस?"

"जाऊ द्या ना बाबा."

"नाही. सांग."

"सच में जाऊ द्या. आता कळलं ना मला."

"मला नाही कळलं," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा, कारण समोरचे दोघे वळून बघायला लागले. "मला काहीच कळलेलं नाही. सांग."

मग माझ्या डाव्या कानाजवळ येऊन एकेक शब्द सुटा करत, लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं. "मी म्हटलं होतं, आई म्हणते, बाबांना सगळं ऐकू येतं पण ते ऐकत नाहीत. मग मी विचारलं, मी बोलते तेव्हा तुम्हाला बोअर होतं का? मी नाही बोलले तर तुम्हाला जास्त बरं वाटेल का?"

मी काय उत्तर दिलं होतं ते मला लख्ख आठवत होतं. छान हसून दिलं होतं, मान डोलवून, आणि दोनदा.